इस्त्रीच्या टेबलाखालचा डोंगर

मी टेबल बोलतोय. लिहायचं नव्हे, जेवायचंही नव्हे, इस्त्रीचं. ऐकून तुमचं तोंड वाकडं झालं असेल तर होऊ दे, मला सवय आहे. लोक माझ्याकडे येतात ते गाठोडं टाकायला आणि जातात ते घड्या मोजून. माझ्याकडे बघत कुणीच नाही.

माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, आणि ते ऐकीवही नाही. माणूस चारचौघांत कसा मिरवतो ते तुम्ही बघता, मी त्याच्या कॉलरची आतली बाजू बघतो. गुडघ्यावर झिजलेली पँट कुणाची आणि बसून बसून मागून चकाकणारी कुणाची, हे मला इस्त्रीच्या एका हातात कळतं. आमच्या गावात दुसऱ्या प्रकारच्या पँटी जास्त आहेत.

माझा जन्म याच दुकानात झाला. इस्त्रीवाल्यानं नदीवरून मोडीत निघालेल्या होडीच्या दोन रुंद फळ्या आणल्या. दुकानाचं दार अरुंद, म्हणून सुतार आत बसला आणि त्यानं मला आतच जोडलं. पुढे कधी बाहेर काढायची वेळ आली तर काय, हा विचार कुणी केला नाही. विचार मागाहून करायचा ही इथली जुनी रीत आहे. फळ्या वाकू नयेत म्हणून सुतारानं माझ्या पुढच्या कडेला, खाली चार बोटं उतरेल अशी एक जाड पट्टी ठोकली. कोळशाच्या धुरानं ती वर्षभरात काळी ठिक्कर पडली. तेवढी पट्टी लक्षात ठेवा.

इस्त्रीवाला लवकर गेला. त्याच्या बायकोनं इस्त्री हातात घेतली. पदरात दोन मुलं होती, नऊ वर्षांची थोरली आणि पाळण्यातला धाकटा. पाळणा म्हणजे माझ्याखालची जुन्या चादरींची घडी. धाकटा भारी रडका होता. उन्हाळ्यातल्या दुपारी आई दुकानाचं शटर अर्धं ओढून घ्यायची आणि थोरलीला सांगायची, "जा गं, आत शिर आणि त्याला गप्प कर. मला अजून वीस शर्ट आहेत."

थोरली आत शिरायची. वर जळत्या कोळशाची इस्त्री, खाली हे दोघं उताणे पडलेले. तिथून जग कसं दिसायचं माहीत आहे? वर माझी काळी पट्टी, खाली रस्त्याची कड, आणि मध्ये जेवढी फट राहील तेवढंच. त्या फटीत नदी होती, पलीकडे वीटभट्टीची तीन धुराडी, आणि त्यांच्या मागे डोंगर. बाकीचं सगळं मी झाकलेलं होतं.

एके दिवशी मला पोटाला गार लागलं. थोरलीनं कपड्यांची नीळ खळीत कालवली होती आणि चिंधीच्या बोळ्यानं ती मला फासत होती. मग विटांचा चुरा आला, मग इस्त्रीतल्या कोळशाची पूड. अकरा दुपारी हा उद्योग चालला. धाकटा रडायचा थांबून वर बघत राहायचा. शेवटच्या दिवशी तिनं त्याचा इवलासा पाय निळीत बुडवला आणि माझ्या पोटावर उमटवला. तो असा काही हसला, की आईची इस्त्री थांबली.

"काय चाललंय गं खाली?"

"काही नाही, खेळतोय तो."

आईला नीळ संपलेली दिसली, तिनं थोरलीच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि विषय मिटला. वाकून बघायला तिला सवड नव्हती. तिला मी दोष देत नाही. या गोष्टीत ज्यांना मी दोष देत नाही अशा ती आणि थोरली, दोघीच.

मी स्वतः ते चित्र कधी पाहिलं नाही. टेबलाला आपलं पोट दिसत नसतं. कुठे बोळा जोरात दाबला, कुठे हलका फिरवला, एवढंच मला ठाऊक. बावन्न वर्षं मी एक चित्र पोटाशी धरून उभा होतो आणि ते कसलं आहे याचा नुसता अंदाज बांधत होतो.

शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. त्यांचे शर्टही माझ्यावरच यायचे. खिशाला नेहमी लाल शाईचा डाग असायचा. थोरलीनं शाळेत तेच दृश्य कागदावर काढलं, वर काळी पट्टी, खाली नदी आणि डोंगर. मास्तरांनी तिला बाकावर उभं केलं आणि कागद वर्गाला दाखवला. "आकाश कधी काळं असतं का रे?" वर्ग एका सुरात म्हणाला, "नाही!" लाल शाईत भोपळा मिळाला. थोरलीनं तो कागद घरी आणला, चार घड्या घातल्या आणि माझ्या एका पायाखाली सारला, कारण मी तेव्हा जरा डगमगत होतो. मास्तरांच्या शेऱ्याचा याहून चांगला उपयोग मी तरी पाहिलेला नाही.

सोळाव्या वर्षी ती शहरात निघून गेली. पुढे तिची चित्रं मोठमोठ्या दालनांत लागली, वर्तमानपत्रात फोटो आले. नुसते डोंगर, नद्या, भट्ट्या, माळ. आणि प्रत्येक चित्रात वर एक काळी पट्टी. त्या पट्टीवर जाणकार मंडळी तुटून पडली. एका विदुषीनं तर थोरलीवर पुस्तकच लिहिलं. धाकट्यानं ते माझ्यावर ठेवून मोठ्यानं वाचलं होतं, म्हणून मला माहीत. ती पट्टी म्हणे नियतीची छाया आहे, माणसाच्या डोक्यावरचं अटळ ओझं आहे. नुसत्या पट्टीवर चाळीस पानं! अहो, ती मी आहे. माझी धुरकटलेली कड आहे. पण शहाण्यांना विचारायचं कुणी सुचवावं, आणि टेबलाला तरी कोण विचारणार?

गावात मात्र तिचं कुणाला कौतुक नव्हतं. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, इथे तर पिकलेलंही कुणाला दिसलं नव्हतं.

आता धाकट्याचं ऐका. आई गेल्यावर इस्त्री त्याच्याकडे आली. हात चांगला आहे त्याचा, पण डोक्यात प्रकाश कमी. माझ्याखाली कपड्यांची गाठोडी कोंबायची आणि हवं ते आकड्याच्या काठीनं ओढून काढायचं, ही त्याची पद्धत. पोट सुटलेलं, गुडघे कुरकुरणारे, वाकणार कोण? चार वर्षांचा होईपर्यंत तो त्या चित्राखाली झोपला, आणि साफ विसरला. माणसं दुसऱ्यानं केलेला अपमान चाळीस वर्षं जपतात आणि आपल्यावर केलेली माया दुधाच्या दातांबरोबर टाकून देतात.

वीसेक वर्षांपूर्वी गिऱ्हाइकं त्याला टोचायला लागली. "बहीण एवढी मोठी चित्रकार आणि तुझ्या भिंतीवर काय? कॅलेंडर?" मग त्यानं तिला पत्र लिहिलं, माझ्यावरच. "ताई, तुझं एक चित्र दे. लहानसं चालेल." आठ दिवसांनी उत्तर आलं. त्यानं ते मोठ्यानं वाचलं. "अरे वेड्या, तुझ्याकडे आहे की. सगळ्यात मोठं तुझ्याकडेच आहे."

त्याला वाटलं, ती थट्टा करतेय. गरीब भावाला टोमणा मारतेय. त्यानं पत्राचा बोळा केला, आणि मग इस्त्रीवाल्याचाच हात तो, बोळा पुन्हा उघडून, इस्त्री फिरवून, घडी घालून गल्ल्याच्या डब्यात ठेवला. पण लिहिलं मात्र काही नाही. एका अक्षरानं नाही. तिची पुढची दोन पत्रं त्यानं फोडलीसुद्धा नाहीत. ती आजारी पडल्यावर दोनदा निरोप आला. "मोठ्या लोकांना बघायला मोठे लोक असतात," असं म्हणून तो शर्टाच्या बाह्या दाबत राहिला. मी खालून ओरडत होतो, वाक की मूर्खा, एकदा वाक! पण आमचं ओरडणं म्हणजे लाकूड तडकल्याचा आवाज. तो म्हणाला, "हवा कोरडी झालीय."

गेल्या वर्षी ती गेली. वर्तमानपत्रात पहिल्या पानावर तिचा फोटो आला आणि गाव खडबडून जागं झालं. मेल्या म्हशीला मणभर दूध. जो तो म्हणायला लागला, आमच्या मांडीवर वाढली, आमच्या अंगणात खेळली. पंधरा दिवसांत स्मारक समिती उभी राहिली. अध्यक्ष कोण? चित्रकलेचे मास्तर! पंचाहत्तरी उलटली होती, पण उभं राहून बोलायचं म्हटलं की गुडघे तरुण व्हायचे.

समितीपुढे मोठाच पेच पडला. स्मारक करायचं, पण ठेवायचं काय? तिचं एकही चित्र गावात कुणाकडे नव्हतं. तेव्हा मास्तरांना मी आठवलो. दुकानात येऊन त्यांनी माझ्यावर थाप मारली आणि बरोबरच्या चार जणांना सांगितलं, "याच टेबलावर मी तिचा हात धरून तिला पहिली रेघ काढायला शिकवली."

माझ्यावर? माझ्यावर दिवसभर तापलेली इस्त्री असायची. हात धरून शिकवलं असतं तर दोघांचेही हात भाजून निघाले असते. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. चौघांनी माना डोलावल्या.

ठरलं असं, की मला वाचनालयाच्या सभागृहात न्यायचं, वर तिचा फोटो ठेवायचा, आणि धाकट्याला त्याबदल्यात लोखंडी घडीचं टेबल द्यायचं. धाकट्यानं खांदे उडवले. "न्या. तिच्या नावाचं काही माझ्याजवळ नसलेलं बरं."

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मास्तर सुताराला आणि उचलायला दोन गड्यांना घेऊन आले. दारातून मी जाईना. उभा करून बघितलं, आडवा करून बघितलं. सुतार म्हणाला, "पाय कापावे लागतील. आणि मास्तर, ही वरची बाजू बघा, सगळी भाजलीय. हिच्यावर फोटो कसा शोभेल? खालची बाजू कोरी असणार. फळ्या उलट्या करतो, रंधा मारतो, पॉलिश करतो. एकदम नवीन दिसेल."

"वा, वा! तसंच कर," मास्तर म्हणाले. ज्या टेबलावर तिनं म्हणे पहिली रेघ काढली, त्याची ती बाजू आतल्या अंगाला घालायची, हे त्यांच्याच तोंडून निघत होतं आणि त्यांच्याच कानात शिरत नव्हतं. धाकट्याला त्यांनी पिटाळलं, "माझा कोट झालाय ना? घरी देऊन ये. उद्या घालायचाय."

धाकटा कोट हातावर घेऊन गेला. सुतारानं गाठोडी बाहेर फेकली आणि दोघातिघांनी मला उलटा केला. बावन्न वर्षांनी माझ्या पोटाला उजेड लागला. सुतारानं फडक्यानं धूळ पुसली आणि थांबला.

"मास्तर, इथे काहीतरी रंगवलंय."

"नीळ सांडली असेल. इस्त्रीचं दुकान आहे."

"सांडलेली नाही हो. हा डोंगर आहे. ही नदी बघा. ही भट्टीची धुराडी."

डोंगर! म्हणजे मला वाटलं होतं तसंच होतं तर. त्या क्षणी सुताराला जवळ घ्यावंसं वाटलं, पण माझे चारही पाय वर होते.

मास्तरांनी चष्मा पुसला, वाकले, पाहिलं. त्यांच्या शर्टाच्या खिशात उद्याचं भाषण होतं. सकाळीच त्यांनी ते दुकानात वाचून दाखवलं होतं. त्यात 'त्यांच्या चित्रांतली ती गूढ, अजरामर काळी पट्टी' असे शब्द होते. तेच मास्तर माझ्या पोटावरच्या काळ्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाले, "आणि हे वर काय? आकाश कधी काळं असतं का? पोराटोरांचा उद्योग आहे. मार रंधा. आधी ते काळं काढ."

बावन्न वर्षांत माणसाचे दात गेले, केस गेले, वाक्य तेवढं शाबूत राहिलं.

सुतारानं दोनदा विचारलं. मग हुकमाचा ताबेदार, त्यानं रंधा लावला. काळ्या सालपटांची गुंडाळी होऊन जमिनीवर पडायला लागली. मला दुखलं नाही. लाकडाला रंध्यानं दुखत नाही. तरी पण मी आयुष्यात पहिल्यांदा घाबरलो, कारण पट्टीच्या खाली डोंगराची टोकं होती.

तेवढ्यात धाकटा परत आला. घरी कुणी नव्हतं म्हणून कोट तसाच हातावर. दारातून त्यानं आधी सालपटं पाहिली, मग मला पाहिलं, मग तो पुढे आला आणि त्याच्या हातातून कोट खाली पडला. एवढ्या वर्षांत इस्त्री केलेला कपडा त्याच्या हातून कधी जमिनीवर पडला नव्हता.

"थांब," तो सुताराला म्हणाला. "थांब रे, हात काढ."

तो गुडघ्यांवर बसला. कुरकुरू दे म्हणाला असेल त्यांना. नदीच्या कडेला, होडी असावी तिथे, त्याला ते दिसलं. दोन बोटांएवढं निळं पाऊल, पाच टिकल्यांची बोटं. त्यानं आपला तळवा त्यावर ठेवला. पाऊल तळव्याखाली झाकून गेलं.

"सरळ करा याला," तो म्हणाला.

"अरे, पण उद्या..." मास्तरांनी सुरुवात केली.

"सरळ करा म्हणतो ना!"

मला सरळ केलं. आणि मग तो पंचावन्नाला टेकलेला, सुटलेल्या पोटाचा माणूस जमिनीवर बसला, उताणा झाला आणि सरकत सरकत माझ्याखाली आला. मान जरा मागे टाकली की शटरच्या फटीतून खरा डोंगर दिसतो आणि नजर वर केली की माझ्यावरचा. तो एकदा इकडे बघायचा, एकदा तिकडे. भट्टीची आता दोनच धुराडी उरलीत. त्यानं माझ्यावरची मोजली, "एक, दोन, तीन." माझ्या पोटाला नुसता त्याचा श्वास लागत होता.

मग तो म्हणाला, "आहे गं ताई. माझ्याकडे आहे."

पुढचं मी सांगत नाही. एवढी वर्षं मी त्याला मूर्ख म्हणत आलो, आणि तो होताच. पण त्या दुपारी माझ्याच्यानं म्हणवेना.

मास्तरांचं डोकं अशा वेळी झटपट चालतं. "म्हणजे हे मूळ चित्र! मी बघताक्षणीच ओळखलं होतं. आता तर हे समितीचंच. उभं करू, काचेत घालू, वर दिवे लावू!"

धाकटा बाहेर सरकला. धुळीनं माखलेला कोट उचलून त्यानं मास्तरांच्या हातात दिला. "हा तुमचा कोट."

"अरे, हा चुरगळलाय! उद्या घालायचाय मला. परत इस्त्री कर."

"कशावर करू? टेबल तर तुम्ही नेताय ना?"

सुतार हसला. त्याचं हसणं पाहून बाकीचेही हसले, आणि हसू झाल्यावर मला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. दुसऱ्या दिवशी वाचनालयात लोखंडी घडीच्या टेबलावर फोटो ठेवून स्मारकाचं उद्घाटन झालं. मास्तर चुरगळलेल्या कोटात तासभर बोलले. गूढ काळ्या पट्टीवर टाळ्या पडल्या म्हणे.

धाकट्यानं गल्ल्याच्या डब्यातून ते पत्र काढून भिंतीवर लावलं, कॅलेंडरच्या जागी. न फोडलेली दोन पत्रंही एका रविवारी माझ्याखाली पडून वाचली. त्यांत काय होतं ते त्यानं मोठ्यानं वाचलं नाही आणि मी विचारलं नाही. तो अजून माझ्यावरच इस्त्री करतो. गाठोडी आता भिंतीशी ठेवतो.

चित्र बघायला लोक येतात. नियम एकच, आडवं पडायचं. समितीचे चार जण आले होते, कडक इस्त्रीत. दारातूनच जमिनीकडे बघून म्हणाले, "फोटो काढून पाठव." चाळीस पानंवाली विदुषी मात्र आली आणि पांढऱ्या कपड्यांनिशी खुशाल आडवी झाली. बाहेर आली तेव्हा केसांत जळमट होतं. "मी काय काय लिहून बसले हो," एवढंच म्हणाली. शहाण्या माणसाकडून एवढं खरं वाक्य मी प्रथमच ऐकलं.

तुम्हीही या. घडी मोडेल म्हणून घाबरू नका, वर इस्त्री तापलेलीच असते. फक्त तोंड बंद ठेवा आणि पाच मिनिटं उताणे पडून राहा. मोठ्यांचं स्मारक करायला निघालेल्या माणसाला एवढं तरी जमायला हवं. मला तुमचे फक्त पाय दिसतील, आणि पायांवरून माझं मत एकदम वाईट होत नाही.

रंध्यानं नेलं ते गेलं. चित्रात मी जेवढा होतो, तेवढाच नेमका मास्तरांनी तासून काढला. डोंगर राहिला, नदी राहिली, पाऊल राहिलं. खाली पडलेलं माणूस हमखास विचारतं, "त्यांच्या प्रत्येक चित्रात वर काळी पट्टी असते ना? यात कुठे आहे?"

धाकटा इस्त्री बाजूला उभी करतो, वाकतो, हो, आता वाकतो, आणि माझ्या धुरकट कडेवर बोटानं टकटक करून म्हणतो, "ही काय."